घाट उतरल्यानंतरची वाट

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ,
महाराष्ट्र वाहतूक भवन, मुंबई सेंट्रल, मुंबई

विषय : सोलापूरहून गणपतीपुळे आणि लगतच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रवाशांसाठी जोडवेळापत्रक

महोदय,

सोलापूर शहरापासून गणपतीपुळ्याचा किनारा रस्त्याने सुमारे पावणेचारशे किलोमीटर अंतरावर आहे, आणि त्यांपैकी रत्नागिरीपर्यंतचे साडेतीनशे किलोमीटर आज जितके सुकर झाले आहेत तितके ते पूर्वी कधीच नव्हते. तरीही स्वतःची मोटार नसलेले सोलापूरचे एखादे कुटुंब उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्र पाहण्याचा बेत आखते तेव्हा तो बेत फसतो तो बहुधा घाटात नव्हे, तर घाट उतरल्यानंतरच्या अखेरच्या पंचवीस किलोमीटरांत. या पंचवीस किलोमीटरांसाठी नवा महामार्ग, नवा बोगदा किंवा नव्या लोहमार्गाची मंजुरी यांपैकी कशाचीही गरज नाही. महामंडळाच्या दोन विभागांनी आपापली वेळापत्रके एकमेकांकडे पाहून लिहिली तर पुरेसे आहे. प्रस्तुत पत्राचे मुख्य म्हणणे एवढेच असून, ते का पटावे हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

देश आणि कोकण यांच्यामधील वाहतूक फार जुनी आहे. बहमनी राजवटीत दाभोळ हे दख्खनच्या पठाराचे एक प्रमुख बंदर होते. अरबस्तान आणि इराणकडून आलेले घोडे तेथे उतरत आणि सह्याद्रीतील घाटवाटांनी गुलबर्गा, बिदर या राजधान्यांकडे चढत. पंधराव्या शतकात चौलला उतरून बिदरपर्यंत आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन परतताना दाभोळलाच होर्मुझकडे जाणाऱ्या जहाजात बसला. पुढील शतकांत लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर कोकणचे मीठ वर आणीत आणि देशावरचे धान्य खाली नेत राहिले. या जुन्या वाहतुकीचे एक वैशिष्ट्य आज विसरले गेले आहे, ते असे की तेव्हा घाट अवघड होता आणि किनारा सोपा होता. एकदा बंदर गाठले की पुढे खाडीतून होड्या होत्या, बंदराबंदरांना जोडणारी गलबते होती, आणि नंतरच्या काळात मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत जाणाऱ्या आगबोटी होत्या, ज्यांच्यापर्यंत प्रवाशांना पडावातून, म्हणजे किनाऱ्यावरून बोटीपर्यंत ने-आण करणाऱ्या मोठ्या होडीतून, पोचवले जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जलवाहतूक बंद पडली, रस्ते आणि रेल्वे वाढली, आणि परिस्थिती नेमकी उलटी झाली : आता घाट सोपा आहे आणि किनाऱ्यावर गावोगाव फिरणे अवघड आहे.

रेल्वेपुरते बोलायचे तर सोलापूर आणि कोकण ही दोन्ही टोके लोहमार्गावर आहेत, पण त्यांच्यामधला दुवा नाही. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. याच जिल्ह्यातील कुर्डुवाडीहून, जी तेव्हा बार्शी रोड या नावाने ओळखली जात असे, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत धावू लागली आणि पुढे पंढरपूरमार्गे वाढत १९२७ मध्ये मिरजेला पोचली. मिरज ते कोल्हापूर हा फाटा त्याआधीच, १८९१ मध्ये, सुरू झालेला होता. म्हणजे समुद्राच्या दिशेने निघालेला हा लोहमार्ग कोल्हापुरात येऊन थांबला त्याला १३० हून अधिक वर्षे झाली, आणि तो अजून तेथेच थांबलेला आहे. सह्याद्रीच्या पलीकडे कोकण रेल्वे, रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण लांबीने खुला झाला. परंतु तो किनाऱ्याला समांतर धावतो, देशाला कोकणाशी जोडत नाही. कोल्हापूर–वैभववाडी या सुमारे १०७ किलोमीटरच्या जोडमार्गाला २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात स्थान मिळाले, पण त्यावर रूळ पडलेले नाहीत. परिणामी सोलापूरहून रत्नागिरीला रेल्वेने जाणाऱ्याला एक तर पुणे, कर्जत, पनवेल असा वळसा घालून कोकण रेल्वे धरावी लागते, जे अंतर रस्त्याच्या जवळपास दुप्पट भरते, किंवा मिरज, बेळगाव, लोंढामार्गे गोव्यात मडगावला उतरून पुन्हा उत्तरेकडे यावे लागते. दोन्ही मार्ग नकाशावर पाहण्यास मनोरंजक आहेत. मुलाबाळांसह चार दिवसांच्या सुट्टीवर निघालेल्यासाठी ते निरुपयोगी आहेत. वैभववाडीचा मार्ग व्हावा याविषयी दुमत नाही, मात्र तो होईपर्यंत प्रवाशाने घरी बसावे, असे कोणी म्हणणार नाही.

रस्त्याची स्थिती याहून पुष्कळ बरी आहे. राष्ट्रीय महामार्ग १६६, ज्याला बोलण्यात मिऱ्या–नागपूर महामार्गाचा भाग म्हटले जाते, सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, नागज, कवठेमहांकाळ, मिरज, कोल्हापूर असा जाऊन पुढे मलकापूर, आंबा, साखरपा, पालीवरून हातखंब्याला मुंबई–गोवा महामार्गास मिळतो आणि रत्नागिरीत संपतो. सोलापूर ते सांगलीच्या सीमेपर्यंतचा रस्ता चौपदरी झाल्यापासून पूर्वी खड्ड्यांतून अर्धा दिवस खाणारे अंतर आता काही तासांवर आले आहे. अंकली ते चोकाक या टप्प्याचे भूसंपादन मोबदल्याच्या वादात रखडले, आणि आंबा घाटात जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत रस्ता खचून अवजड वाहतूक बंद ठेवावी लागली होती, या गोष्टी खऱ्या आहेत. पावसाळ्यात हा घाट विश्वासाचा नाही हेही खरे आहे. परंतु ऑक्टोबर ते मे या काळात सोलापूर–रत्नागिरी हा एसटीचा सरळ एका रात्रीचा प्रवास आहे. पवनार ते पत्रादेवी हा सुमारे ८०० किलोमीटरचा नियोजित शक्तिपीठ महामार्ग, ज्याला कोल्हापूरसह अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा तीव्र विरोध आहे, तो झाला तरी गोव्याच्या सीमेवर उतरेल. रत्नागिरी किनाऱ्याच्या प्रवाशाला त्याचा उपयोग होणार नाही. विमानाचेही तसेच. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेल्यानंतर होटगी रस्त्यावरील विमानतळाचा मार्ग मोकळा झाला आणि जून २०२५ मध्ये सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाली, त्यामुळे मोपाच्या विमानतळावर उतरणाऱ्याला शिरोडा, वेंगुर्ले ही सिंधुदुर्गातील गावे रत्नागिरीपेक्षा लवकर गाठता येतात, हा भूगोलाचा एक विनोदच म्हणावा लागेल. ज्यांना ते परवडते त्यांच्याविषयी या पत्रात काही म्हणायचे नाही.

हे पत्र ज्यांच्याविषयी आहे ते सोलापूर वेगळे आहे. ते यंत्रमाग आणि विडी कारखान्यांचे, शाळाशिक्षकांचे, निवृत्त गिरणी कामगारांचे आणि छोट्या दुकानदारांचे शहर आहे, जेथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि जेथील हजारो स्त्रिया घरात बसून विड्या वळतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य झाला. याचा अर्थ असा की आजी, आई, दोन मुले आणि वडील अशा कुटुंबाला एसटीने कोकणात जाणे आज खाजगी मोटार भाड्याने घेण्याच्या तुलनेत पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. सवलतीने प्रवाशाला घराबाहेर काढले, आता त्याला मुक्कामापर्यंत नेण्याची जबाबदारीही महामंडळावर येते. आणि नेमके येथे काम अर्धवट राहते.

त्याचे कारण महामंडळाच्या रचनेत आहे. एसटीचा कारभार विभागांत आणि विभागांतील आगारांत, म्हणजे ज्यांना लोक डेपो म्हणतात त्यांत, वाटलेला आहे. लांब पल्ल्याची गाडी ज्या आगाराची असते ते आगार तिची वेळ आपल्या शहराच्या सोयीने, चालक-वाहकांच्या कामाच्या तासांच्या हिशेबाने ठरवते. किनाऱ्यावरच्या खेड्यांना जाणाऱ्या फेऱ्या रत्नागिरी विभाग ठरवतो, आणि त्या ठरवताना त्याच्यासमोर शाळेला येणारी मुले, बाजाराला आणि कचेरीला येणारे गावकरी असतात, जे योग्यच आहे. त्यामुळे त्या गाड्यांचा ओघ सकाळी गावाकडून शहराकडे आणि संध्याकाळी शहराकडून गावाकडे असतो. पर्यटकाचा ओघ याच्या बरोबर उलटा आहे. सोलापूरहून रात्री निघालेला प्रवासी रत्नागिरीत सकाळी उतरतो तेव्हा गावाकडच्या गाड्या भरून शहरात येत असतात. दिवसा निघालेला प्रवासी पोचतो तेव्हा गावाकडची शेवटची गाडी, जिला वस्तीची गाडी म्हणतात कारण ती रात्री गावातच मुक्काम करते, सुटून गेलेली असण्याची शक्यता मोठी असते. हंगामात एखादी थेट गाडी गणपतीपुळ्यापर्यंत सोडली गेली, तरी तिच्याविषयीची माहिती सोलापूरच्या चौकशी खिडकीवर मिळेलच याची खात्री प्रवाशाला नसते. रेल्वेने येणाऱ्याची स्थिती आणखी बिकट, कारण रत्नागिरीचे रेल्वे स्थानक शहराबाहेर कुवारबावजवळ आहे, बसस्थानक शहरात आहे, आणि गणपतीपुळ्याचा रस्ता तिसऱ्याच दिशेला जातो. मग उरते ती रिक्षा किंवा वडाप, म्हणजे माणशी भाडे घेऊन भरेपर्यंत थांबणारी खाजगी गाडी. आणि सामानसुमान घेऊन उभ्या असलेल्या पाच परक्या माणसांना भाड्याची घासाघीस करण्याची ताकद किती असते, हे कोणालाही कळेल.

गणपतीपुळ्याला पोचल्यावरही फिरण्याचा प्रश्न सुटत नाही, आणि या भागाची खरी श्रीमंती मात्र फिरण्यातच आहे. रत्नागिरीहून आरे–वारेमार्गे जाणारा समुद्रकाठचा रस्ता निवळी–जाकादेवीच्या आतल्या रस्त्यापेक्षा जवळचा तर आहेच, शिवाय तो स्वतःच एक पाहण्याजोगी गोष्ट आहे. मंदिराची प्रदक्षिणा म्हणजे देवळामागच्या टेकडीलाच घातलेला फेरा. ती पायी होते. तेथून जवळच मालगुंड येथे केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक आहे, पुढे जयगडचा किल्ला आणि दीपगृह, आणि जयगडच्या खाली शास्त्री नदीची खाडी. या खाडीवरची फेरीबोट, म्हणजे माणसांबरोबर मोटारीही वाहून नेणारी सपाट तळाची बोट, प्रवाशाला पलीकडे तवसाळला उतरवते, आणि तेथून हेदवी, वेळणेश्वर, गुहागर हा वेगळाच, कमी गर्दीचा किनारा सुरू होतो. गुहागरहून चिपळूण, कुंभार्ली घाट आणि कराडमार्गे सोलापूरला परतता येते. म्हणजे आंबा घाटाने उतरावे आणि कुंभार्लीने चढावे, मध्ये दोन खाड्यांमधला किनारा पाहावा, असे एक सुंदर वर्तुळ या नकाशात आहे. सध्याच्या वेळापत्रकांना मात्र हे वर्तुळ दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने गणपतीपुळे हे रत्नागिरीहून जाऊन रत्नागिरीलाच परतण्याचे ठिकाण आहे, जयगड हे एका फेरीचे शेवटचे गाव आहे, आणि तवसाळ तर दुसऱ्याच आगाराचे. बोट वेळेवर सुटते, पण पलीकडच्या काठावर तिची वाट पाहणारी बस असतेच असे नाही. महामंडळाने १९८८ पासून चालवलेली ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार आणि सात दिवसांच्या पासाची योजना अशा वर्तुळासाठीच जणू आखलेली आहे. परंतु पास खिशात असून गाडी नसेल तर त्या पासाचा अर्थ उरत नाही.

वेळापत्रकाशी निगडित असा एक विषय आणखी आहे, आणि तो सोयीचा नसून जिवाचा आहे. गणपतीपुळ्याच्या समुद्रात बुडून मरणाऱ्यांमध्ये घाटावरच्या, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील जिल्ह्यांतल्या, पर्यटकांची नावे वारंवार असतात. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडील मुले विहिरीत आणि कालव्यात पोहायला शिकलेली असतात. त्यांना पाण्याची खोली ठाऊक असते, पाण्याची ओढ ठाऊक नसते. किनाऱ्यावर आदळलेल्या लाटांचे पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत आत खेचले जाते, आणि तो पट्टा वरून शांत दिसतो, म्हणूनच नवखा तेथेच उतरतो. कोकणातील माणूस भरती-ओहोटीचा अंदाज तिथीवरून बांधतो. जुना ठोकताळा असा की पक्षातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते : अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास, आणि पुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. स्थळानुसार यात तासभराचा फरक पडतो, पण ठोकताळा म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी ठरला आहे. घरोघरी जाणारे दाते पंचांग ज्या सोलापुरातून निघते, त्या शहरातील प्रवाशाला तिथी अनोळखी नाही. तिचा समुद्राशी असलेला संबंध तेवढा त्याला कोणी सांगितलेला नसतो.

आता हा हिशेब गणपतीपुळ्याच्या गर्दीला लावून पाहावा. गर्दीचा दिवस म्हणजे संकष्टी चतुर्थी, आणि अंगारकी असेल तर विचारायलाच नको. चतुर्थी पौर्णिमेनंतर चारच दिवसांनी येते, त्यामुळे पौर्णिमेच्या उधाणाचा, म्हणजे सर्वांत मोठ्या भरतीचा, जोर पुरता ओसरलेला नसतो; भरती दुपारी दोन-तीनच्या दरम्यान पूर्ण होते, आणि तिथून रात्रीपर्यंत पाणी बाहेर ओढत जाते. सकाळी दर्शनाच्या रांगेत उभे राहून दुपारी खाऊनपिऊन मोकळा झालेला भाविक पाण्यात उतरतो तो नेमका याच वेळी. परतीची गाडी संध्याकाळी असेल तर ती येईपर्यंत किनाऱ्यावर थांबण्यावाचून त्याला दुसरे काही करायला नसते. एसटीच्या पत्रात भरती-ओहोटी कशाला, असे वाटण्याची शक्यता आहे, म्हणून हे विस्ताराने लिहावे लागले : प्रवासी किनाऱ्यावर कोणत्या तासाला असेल हे बऱ्याच अंशी बस ठरवते. चतुर्थीला दुपारी लवकर परतीची जादा गाडी ठेवणे, आणि गाडीत व स्थानकावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळ लिहिलेला एक साधा फलक लावणे, यांनी जीवरक्षकांचे काम संपणार नाही, पण हलके नक्की होईल. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, तर पाण्यात उतरूच नये, हे त्याच फलकावर ठळक लिहावे.

यावर भारमानाचा आक्षेप घेतला जाईल. भारमान म्हणजे गाडीतील उपलब्ध आसनांपैकी प्रत्यक्ष भरलेल्या आसनांचे प्रमाण, आणि तोट्यात चाललेल्या महामंडळाने त्याकडे पाहू नये असे म्हणणे बेजबाबदार ठरेल. परंतु सोलापूर–किनारा हा एकेरी ओघ नाही. कोकणातून अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूरला येणारा भाविक बारमाही आहे, आणि ही चारही स्थाने सोलापूर शहराभोवतीच आहेत. किनाऱ्यावर प्रवासी सोडलेली गाडी रिकामी परतण्याचे कारण नाही. तिने वाटेत अक्कलकोटचा भाविक उचलावा, एवढेच. शिवाय जोडवेळापत्रक चालवण्याचा अनुभव महामंडळाला नव्याने मिळवायचा नाही. आषाढीला पंढरपुरात राज्यभरातून हजारो जादा गाड्या आणून, तात्पुरती स्थानके उभारून, लाखो माणसे चार-पाच दिवसांत घरी पोचवण्याचे काम याच सोलापूर जिल्ह्यात दरवर्षी होते, आणि गणेशोत्सवात मुंबईहून कोकणात गाड्यांची रांग लावण्याचे काम त्याच निष्ठेने होते. ज्या संस्थेला हे जमते तिला सोलापूरची एक रातराणी आणि गणपतीपुळ्याची एक सकाळची गाडी जुळवता येत नाही, यावर विश्वास बसत नाही.

म्हणून मागणी मोजकी आहे. सोलापूरहून येणारी रात्रीची गाडी रत्नागिरीत पोचल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत सुटणारी, आणि आधीची गाडी उशिरा आली तर तिच्यासाठी थांबणारी, गणपतीपुळे–मालगुंड–जयगड फेरी असावी. तिने कुवारबावच्या रेल्वे स्थानकावरूनही प्रवासी घ्यावेत. जयगडच्या फेरीबोटीच्या वेळेशी जुळणारी एक गाडी तवसाळच्या काठावर गुहागर आगाराने उभी करावी. सोलापूरच्या खिडकीवर गणपतीपुळ्यापर्यंतचे एकच तिकीट मिळावे, आणि परतीच्या गाडीची वेळ त्या तिकिटावर छापलेली असावी. यांतील एकाही गोष्टीसाठी नवी गाडी खरेदी करावी लागत नाही. हा प्रयोग ऑक्टोबरपासून मेपर्यंतच्या एका हंगामापुरता करून भारमानाचे आकडे जाहीर करावेत, आणि आकडे प्रतिकूल निघाले तर तो खुशाल बंद करावा.

येत्या उन्हाळी जादा वाहतुकीचे वेळापत्रक निश्चित होण्यापूर्वी सोलापूर आणि रत्नागिरी या दोन विभागांच्या नियंत्रकांची संयुक्त बैठक बोलवावी, तिला गुहागर आगाराचे व्यवस्थापकही असावेत, आणि तिच्यात ठरलेल्या वेळा दोन्ही शहरांच्या बसस्थानकांवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावाव्यात, ही विनंती.

सोलापूर